प्रमाण : हौसा

मगदूमांच्या दुकानात मी तीनदा जाऊन आले.
राजारामपुरी, आठवी गल्ली, झेरॉक्सच्या शेजारी.
"ताई, माल काय आहे?" त्यांनी विचारलं,
मी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला.

वर दोनशे चौदा स्लाइड, सगळ्या उसाच्या.
अप्पा कारखान्यात ऊस विकास अधिकारी.
काणी, तांबेरा, लाल कूज, गवताळ वाढ.
रात्री चावडीत, कुणाच्यातरी पांढऱ्या धोतरावर
दाखवायचे आणि म्हणायचे, तोंडओळख करून घ्या.
खाली बटरपेपरात काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह, रुंद:
आमची बारशी, जावळं, म्हशींची शर्यत.

मगदूम म्हणाले, हा बघा, पटापट ओढतो,
पण पस्तीसचीच फिल्म खातो,
तुमची ही रुंद त्याच्या तोंडात जायची न्हाई.
हा सपाट. झाकणात दिवा. सगळं घेतो, पण दमानं.
आणि हा महागडा, न दिसणाऱ्या किरणानं धूळ हुडकतो,
फक्त काळ्या-पांढऱ्यापुढं त्याचं चालत नाही.
का?
"चांदी असती की त्यात. किरण पार होत नाही."

अक्का हुपरीची. तिच्यासमोर हे बोलले असते
तर डबा तागडीत ठेवून म्हणाली असती,
किती भरतंय बघा.

शेवटी ऐकलं श्रेणिकचं. त्यानं घरपोच मागवला,
साबणाच्या वडीएवढा, दोन सेकंदांत एक स्लाइड.
"आत्या, धूळ आपोआप जाते. बटण आहे."

तांबेऱ्याची स्लाइड घातली. बटण दाबलं.
पानावरचे सगळे ठिपके गेले.
पान हिरवंगार, दवाखान्यातून घरी सोडल्यासारखं.
अप्पांना एकतीस वर्षं फवारे मारून जमलं नाही
ते यानं बसल्या जागी केलं.
श्रेणिक खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मीही.

मग एकशे बासष्ट.
काणी लागलेला ऊस, शेंड्याला काळा चाबूक,
शेजारी अक्का, हातात काठी,
ऊस केवढा ते कळावं म्हणून उभी केलेली.
चेहरा ओळखीचा, आणि नाहीच.
मी पडदा पुसला. चष्मा पुसला.
श्रेणिकला काय कळणार, ती गेली त्याच्या जन्माआधी.
हनुवटीवरचं गोंदण नव्हतं.
तिळाएवढं हिरवं टिंब, सातव्या वर्षी जत्रेत
दोघींनी दाबून धरून घातलेलं.
यंत्राला वाटलं, धूळ.

दुसऱ्या दिवशी खोकं बांधून परत पाठवलं.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
'आकार लहान' लिहिलं.

मगदूमांकडचा सपाट आणला, वापरलेला,
झाकणाची एक बिजागरी सैल,
वर बंद पडलेली इस्त्री ठेवावी लागते.
धूळ काढायचा चौकोन रिकामा सोडते.
रबरी फुग्यानं फू, मऊ कुंचला, मग झाकण.
एका स्लाइडला चार मिनिटं. तेवढ्यात
कुकरच्या दोन शिट्ट्या होतात, कधी दूध उतू जातं.
रंकाळ्याकडून वारं सुटलं की टेबलावर नवी धूळ.
कुठली आजची, कुठली अप्पांच्या जीपमागची,
निवडत बसायचं मी सोडलंय.

एकशे बासष्ट पुन्हा केली.
टिंब आहे. बाजूला आणखी तीन,
ती धुळीचीच असावीत. राहू देत.

पुठ्ठ्याच्या चौकटीवर अप्पांचं मुंगीसारखं अक्षर:
काणी. आडसाली. प्लॉट चार.
प्रमाण : हौसा, पाच फूट एक इंच.

काठी किती लांब, ते कुठंच लिहिलेलं नाही.